टेकडीवरची पाण्याची पाळी: आपल्या भागातल्या टेकडी-ओढ्याभोवती शेजार कसा जमवायचा

आमच्या सोसायटीत १४० फ्लॅट आहेत आणि पहिली सहा वर्षं मला त्यातली जेमतेम दहा माणसं नावानिशी माहीत होती, लिफ्टमध्ये भेटलं की मान हलवायची, गणपतीत आरतीला शेजारी उभं राहायचं, बास. आज साधारण साठ-सत्तर घरं अशी आहेत की मी बेल वाजवून "कॅन आहे का हो एखादा जास्तीचा" असं विचारू शकते, आणि पुढच्या गल्लीतल्या सोसायट्या, टेकडीच्या पायथ्याची वस्ती धरली तर अजूनच. हे सगळं झालं ते मागच्या टेकडीमुळे, खरं सांगायचं तर टेकडीवरच्या चाळीस रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायची जी पाळी आम्ही लावली तिच्यामुळे.

बरेच जण विचारतात की आमच्याकडे पण असं काही सुरू करायचंय, कसं करू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी पुण्याच्या पश्चिम भागात राहते त्यामुळे माझी उदाहरणं टेकडीची आहेत, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी, पुण्यात कुठल्याही बाजूला राहिलात तरी टेकडी फार लांब नसते. पण तुमच्याकडे ओढा असेल, तळं असेल, मैदानाचा एखादा कोपरा असेल, जुना वड आणि त्याचा पार असेल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. माणसं वृक्षारोपणानं जमत नाहीत, पाणी घालण्यानं जमतात. जुलैत पाच जूनच्या पर्यावरण दिनाचे बॅनर अजून उतरलेले नसतात, शंभर जण येतात, खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढतात, वडापाव खातात आणि घरी जातात, त्यातल्या कुणाची कुणाशी ओळख होत नाही. मार्च महिन्यात सकाळी साडेसहाला पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन तुम्ही चढताय आणि अर्ध्या वाटेत बी विंगमधले काका दम खात थांबलेत, त्यांचा एक कॅन तुम्ही उचलता, तिथं ओळख होते. आणि पुढच्या आठवड्यात ते तुमची वाट बघत थांबतात.

पहिला महिना काहीच करू नका

खरंच. जागा निवडा आणि महिनाभर नुसते जात राहा, रोज नाही जमलं तर आठवड्यातनं तीनदा, पण वेळ तीच ठेवा. जागा निवडताना एकच बघा, घरापासून दहा मिनिटांत चालत पोचता आलं पाहिजे. गाडी काढावी लागणारी जागा कितीही सुंदर असली तरी तिथं शेजार तयार होत नाही, तिथं सहल होते. आमच्या टेकडीचा जो भाग आम्ही घेतला तो दिसायला काही खास नव्हता, एका बाजूला जुनी खाण, मुरमाड उतार, कुसळी गवत, घाणेरीचं रान आणि बाटल्यांचा ढीग. पण तिथनं लोक रोज जात-येत होते.

या महिन्यात वही ठेवा आणि कोण कोण येतं ते लिहा. आमच्या यादीत निघाले ते असे, पहाटेचे चालणारे, हास्य क्लबवाले, पोलीस भरतीसाठी पळणारी मुलं, शेळ्या घेऊन येणारे एक दादा, सरपण गोळा करणाऱ्या वस्तीतल्या बायका, खाणीत क्रिकेट खेळणारी पोरं, संध्याकाळी बसायला येणारी जोडपी, आसपासच्या सोसायट्यांचे वॉचमन आणि दुर्बीण घेऊन येणारी एक कॉलेजची मुलगी. आता यातले बहुतेक लोक तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत, आणि टेकडी त्यांची आधी आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय कारण बऱ्याच ठिकाणी सोसायटीवाले उत्साहानं कामाला लागतात आणि पहिलं काम काय करतात तर शेळीवाल्याला हाकलतात, पोरांना ओरडतात, बायकांना मोळी टाकायला लावतात. मग पुढे रोपं उपटली गेली की वस्तीला नावं ठेवतात. असलं करायचं असेल तर त्याला शेजार म्हणू नका, ते कुंपण झालं.

आम्ही शेळीवाल्या दादांना विचारलं की तुमच्या शेळ्या कुठनं जातात. त्यांनी आमच्याबरोबर फिरून सगळी वाट दाखवली, पावसात पाणी कुठं साठतं, कुठली घळ जानेवारीपर्यंत ओलसर राहते, कुठे दगड लागतो तेही दाखवलं, आणि आम्ही त्या वाटेपासून लांब खड्डे घेतले. चार वर्षांत शेळ्यांनी खाल्लेली रोपं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. आणि वस्तीतल्या एक मावशी आहेत त्यांच्याकडून आम्ही पावसाळ्यात टाकळा, कुरडू, चिघळ ओळखायला शिकलो, त्यांच्या पद्धतीची टाकळ्याची भाजी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत झाली त्या वर्षी. (जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय रानभाजी खुडायची नाही हे मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना बजावून ठेवा.)

जागा कुणाची आहे

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, आम्ही टाळलं होतं आणि पस्तावलो. पहिल्या वर्षी कुणाला न विचारता वीस रोपं लावली, ऑक्टोबरमध्ये एका खात्याचं खोदकाम आलं, चर गेला बरोबर रोपांमधून, आणि आम्ही तक्रार कुठल्या तोंडानं करणार, आमचा कागदच नव्हता कुठे.

पुण्यातल्या टेकड्यांचं असं आहे की एकाच टेकडीचा एक तुकडा वन विभागाचा असतो, एक महापालिकेचा, एक खाजगी मालकीचा, आणि समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर बीडीपीचं म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे ते वेगळंच. बघितल्यावर यातलं काही कळत नाही. सर्वे नंबर किंवा गट नंबर शोधा (जुन्या रहिवाशांना, तलाठी कार्यालयात, नाहीतर सोसायटीच्या कागदपत्रांत शेजारच्या हद्दी लिहिलेल्या असतात तिथे मिळतो), मग महाभूलेखच्या साइटवर सातबारा बघा आणि महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात त्या जागेवर काय आरक्षण आहे ते बघा. एका रविवारचं काम आहे, सोसायटीत कुणीतरी रिटायर्ड सर्व्हेअर नाहीतर वकील असतोच, त्यांना हे काम द्या, ते आनंदानं करतात.

वन विभागाची जागा असेल तर त्या भागाच्या वनरक्षकांना भेटा, टेकडीवर गस्तीला येतात तेव्हाच भेट होते बहुतेक. महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान विभाग. साध्या मराठीत एक पानी अर्ज, आम्ही कोण, कुठल्या जागेवर, किती रोपं, पाणी कसं घालणार, काहीही पक्कं बांधकाम करणार नाही, खाली वीस-पंचवीस सह्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिक्क्याशिवाय परत येऊ नका. खाजगी जागा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय कुदळ उचलायची नाही, एवढंच.

लेखी उत्तर यायला वेळ लागतो, आमचं यायला चार महिने लागले. तेवढ्या वेळात कचरा उचला, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

कोण, कधी, कुठे

मीटिंग हॉलमध्ये घेऊ नका. हॉलमध्ये मीटिंग घेतली की अध्यक्ष, सेक्रेटरी, मेंटेनन्स, पार्किंग सगळं आपोआप येतं आणि ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात. टेकडीवर बोलवा. वार, वेळ आणि जागा एकदा ठरली की बदलायची नाही, आमचं रविवार, सकाळी सात ते साडेआठ, मोठ्या मोईच्या झाडाखाली. पाऊस असला तरी, तीन माणसं आली तरी, दिवाळीत सुद्धा. पहिले दोन महिने आम्ही चौघंच होतो. माणसं लगेच येत नाहीत, ती लांबनं बघत असतात की हे किती दिवस टिकतंय, आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी सहज आल्यासारखं येऊन विचारतात "काय चाललंय". त्यांच्या हातात लगेच काहीतरी काम द्या, माहिती नंतर. नुसतं उभं राहून ऐकणारा माणूस परत येत नाही, खुरपं धरलेला येतो.

काम प्रत्येकाच्या अंगाला जमेल असं पाहिजे. आमच्याकडे एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांमुळे वर चढता येत नाही. त्या पायथ्याला खुर्ची टाकून बसतात आणि वहीत नोंद करतात कोण कुठल्या नंबरच्या रोपाला किती पाणी घेऊन गेलं. सगळ्यांना त्यांच्यासमोरून जावंच लागतं, त्यामुळे कोण आजारी आहे, कुणाच्या मुलीची दहावी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत हे त्यांना सगळ्यात आधी कळतं आणि त्यांच्याकडून सगळ्यांना. आमच्या ग्रुपचा कणा कोण विचाराल तर त्या आजी.

लहान मुलांना एक लिटरची बाटली आणि एक स्वतःचं झाड. त्यांच्यामागे आई-बाबा येतात, येतातच.

दुसऱ्या भाषेतले शेजारी असतील, आमच्याकडे बंगाली, तमिळ, हिंदी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत, तर त्यांना प्रत्येक झाडाचं त्यांच्या भाषेतलं नाव विचारा. पळसाचं बंगाली नाव, बहाव्याचं तमिळ नाव अशी यादी करता करता जी माणसं वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभी असायची ती बोलायला लागतात. बहाव्याला तमिळमध्ये कोन्ऱै म्हणतात हे मला असंच कळलं, शेजारच्या अम्मांनी त्या फुलांचं देवाशी असलेलं नातं सांगितलं तेव्हा सगळे काम थांबवून ऐकत होते.

व्हॉट्सॲप ग्रुप लागतोच, पण त्यात फक्त तीन गोष्टी, पाळी कुणाची, टेकडीवर काय दिसलं, आणि मदत हवी असेल तर ती. गुड मॉर्निंग, राजकारण, फॉरवर्ड काही नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगितलं की लोकांना लागतं.

चहा हवाच. थर्मासमधनं, आपापला कप घरून आणायचा. पोहे महिन्यातून एकदा, आळीपाळीनं एकेका घरचे, आणि वस्तीतल्या घरांचीही पाळी त्यात असते, पहिल्यांदा थोडं अवघडल्यासारखं झालं होतं दोन्हीकडून, आता नाही होत.

किती रोपं आणि कुठली

जितकी पाणी घालू शकाल तितकीच. हा हिशोब कागदावर करा. ४० रोपं, प्रत्येकाला उन्हाळ्यात आठवड्याला १० लिटर, म्हणजे ४०० लिटर, म्हणजे पाच लिटरचे ८० कॅन. एक माणूस एका फेरीत दोन कॅन नेतो, तर ४० फेऱ्या. वीस माणसं आठवड्याला दोन फेऱ्या करतील तेव्हा ४० रोपं जगतात, आणि हे तीन उन्हाळे करायचंय. आता कुणी येऊन म्हणालं की आमच्या कंपनीतर्फे ५०० रोपं देतो तर हात जोडून सांगा, रोपं नकोत, मार्च ते मे शनिवारी पंधरा माणसं पाठवा. आम्ही असं सांगितलं तेव्हा दोन ठिकाणहून नंतर उत्तरच आलं नाही, तिसऱ्या ठिकाणची मुलं-मुली मात्र अजून येतात.

झाडं इथलीच. पुण्याच्या मुरमाड टेकड्यांवर पळस, काटेसावर, मोई, सालई, धावडा, खैर, हिवर, बोर, मेडशिंगी, गणेर, बहावा, पांगारा ही मंडळी जगतात, घळीत उंबर, करंज. गुलमोहर, सप्तपर्णी, शोभेचे पाम टेकडीवर नकोत. ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प पुण्याच्या टेकड्यांवर मुबलक आहे, मूळचं मध्य अमेरिकेतलं, पूर्वी लागवडीत भरपूर लावलं गेलं. ते बघून लोकांना वाटतं तोडून टाकू, पण परवानगीशिवाय एक फांदी तोडायची नाही, शहरात झाडं तोडण्याबद्दल १९७५ चा कायदा आहे आणि वन विभागाच्या जागेत तर त्यांचे नियम आणखी वेगळे. घाणेरी काढायची असली तरी एका वर्षात सगळी सपाट करू नका, तिच्या आडोशाला पक्षी असतात, पट्ट्यापट्ट्यानं काढा आणि काढलेल्या जागी लगेच काहीतरी इथलं लावा, नाहीतर पुढच्या पावसात तिथं कॉसमॉस आणि गाजर गवत भरून येतं.

आणि सगळीकडे झाडं लावायची नसतात. मला हे कळायला दोन वर्षं लागली. उघडं गवताळ माळरान दिसलं की हात शिवशिवतात, पण तिथं टिटवी जमिनीवर अंडी घालते, चंडोल राहतो, ससे असतात. त्या दुर्बीणवाल्या मुलीनं आम्हाला एका संध्याकाळी टिटवीची चार अंडी दाखवली, खड्यांच्या रंगाची, दोन फुटांवरनं दिसत नव्हती, आणि बरोबर तिथंच आम्ही खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा करून ठेवल्या होत्या. त्या खुणा पुसल्या. तो पट्टा आता गवताचा आहे आणि गवताचाच राहणार.

खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल, उन्हात तापू द्यायचे. दोन-तीन चांगले पाऊस झाले की जूनअखेर-जुलैत लागवड, वन विभागाच्या किंवा खात्रीच्या नर्सरीतली तीन-चार फुटांची रोपं. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला म्हणजे वरून येणारं पाणी अडतं. बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचं आच्छादन आणि त्यावर दगड. हा पाला सोसायटीतूनच न्या, एरवी झाडून पेटवतातच, खरं तर उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच बंदी केलीये आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड सांगितलाय. आमच्या माळीकाकांना हे सांगितल्यापासून ते पोती भरून ठेवतात आणि रविवारी आम्ही एकेक पोतं वर नेतो.

पाण्याचं अजून एक, जिथे चढ फार आहे तिथल्या रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून वर झाकण ठेवा, पाणी हळूहळू झिरपत राहतं, आठवड्याऐवजी दहा दिवसांनी गेलं तरी चालतं. दसऱ्या-संक्रांतीनंतर लोकांकडे पडून असलेले घट, सुगडं, जुने माठ मागून घ्या.

पाळी लावायची कशी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तक्ता करा, रोपांना नंबर द्या, वार वाटून घ्या, रोज पाच-सहा रोपं. प्रत्येक वाराला कमीत कमी दोन वेगवेगळ्या घरची माणसं, आणि शक्यतो वेगळ्या इमारतींतली. हे आपोआप होऊ दिलं तर मैत्रिणी मैत्रिणींबरोबर नावं घालतात आणि ओळखी आहेत तेवढ्याच राहतात, म्हणून जोड्या आजींनी लावायच्या असं ठरलंय. आमच्या मंगळवारच्या जोडीत एक आयटीतला मुलगा आणि वस्तीत इस्त्रीचं दुकान असलेले भाऊ आहेत, चार महिने दर मंगळवारी बरोबर चढल्यावर त्या मुलाच्या आईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्यानं पहिला फोन त्या भाऊंना केला. कारण रात्री अडीचला फोन उचलणारं जवळचं माणूस म्हणून त्याला तेच आठवले.

एप्रिल-मेमध्ये निम्मी सोसायटी गावाला जाते हे धरूनच तक्ता करा. सुट्टीला जाणाऱ्यानं स्वतः बदली माणूस शोधायचा, ग्रुपवर "कोणी जाल का" असं टाकायचं नाही, दार वाजवून विचारायचं. नियम छोटासा आहे पण त्यामुळे बरीच दारं उघडली.

पाळी चुकली तर बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या जोडीनं चार कॅन जास्त न्यायचे, संपलं. ज्यांना टोमणा मारला गेला ते परत आले नाहीत, दोन चांगली माणसं आम्ही अशी घालवली.

वणवा

गवत वाळलं की फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत ही भीती असते. विडी-सिगरेट, पेटवलेला कचरा, कधी मुद्दाम लावलेली आग. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की वनरक्षकांशी बोलून जाळरेषा काढून घ्या, म्हणजे पट्ट्यापट्ट्यानं गवत कापून मोकळी जागा ठेवायची म्हणजे आग पुढे सरकत नाही. हे त्यांच्या देखरेखीखालीच करा, आपल्या मनानं गवत पेटवून पट्टा करायला जाऊ नका. प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत मात्र आपण काढू शकतो.

आग दिसली की १०१ अग्निशमन आणि १९२६ वन विभागाची हेल्पलाइन, दोन्ही नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये पाहिजेत. फोनवर सांगताना टेकडीची कुठली बाजू, कुठल्या रस्त्यानं गाडी येईल ते सांगा. मुलांना, म्हाताऱ्या माणसांना वर पाठवू नका, सिंथेटिक कपड्यात कुणी जवळ जाऊ नका, वाऱ्यानं आग ज्या बाजूला सरकतेय तिकडे आणि आगीच्या वरच्या चढावर उभं राहू नका.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये संध्याकाळी आमच्याकडे आग लागली. ग्रुपवर मेसेज पडला आणि पंधरा मिनिटांत पायथ्याला पन्नासेक माणसं होती, त्यात ग्रुपवर नसलेली वस्तीतली मुलंच जास्त, कारण त्यांना धूर आधी दिसला. वनरक्षक आणि अग्निशमनचे जवान येईपर्यंत कुणीही वर धावलं नाही, सगळे कॅन भरून एका रांगेत ठेवले, वाट मोकळी केली, गाडीला रस्ता दाखवायला पोरं चौकात उभी राहिली. सात रोपं गेली. रात्री नऊ वाजता काळ्या झालेल्या उतारावर आम्ही बॅटरी घेऊन मोजत होतो आणि एक काकू रडत होत्या, त्यांच्या गेलेल्या मिस्टरांच्या नावानं मनात धरलेला पळस त्यात होता. जूनमध्ये तो बुंध्यातून परत फुटला. पळस फुटतो तसा, सगळी झाडं नाही फुटत.

भांडणं होणार

कुत्र्यांना खायला घालणारे आणि पक्षी बघणारे यांचं होणार. कुणीतरी दगडाला शेंदूर लावणार आणि मग ओटा बांधूया म्हणणार. कुणी वाढदिवसाचा केक टेकडीवर कापणार. कुणी म्हणणार पायऱ्या करून घेऊ, दिवे लावून घेऊ, बाकं बसवू, पेव्हिंग ब्लॉक टाकू. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, ती सोय चांगली आहे, पण तिचा उपयोग पायथ्याशी कचऱ्याचे डबे, पाण्याचा नळ, दुरुस्त केलेली जाळी यासाठी करा. पायथ्याला नळ आला तर तुमची निम्मी मेहनत वाचते. वर सिमेंट नको, रात्री दिवे नकोत, घुबडं आणि रातवे अंधारातच राहतात.

नावाच्या पाट्या नकोत. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं एकानं लावलं की दुसरा मोठी लावतो. आठवण मनात ठेवा, झाडाला नंबर पुरतो.

पैसे शक्यतो गोळा करू नका. कॅन, खुरपी, हातमोजे, मडकी, पोती, सगळं वस्तूंच्या रूपात मागा. पैसे आलेच तर वही, दोन सह्या, आणि दर महिन्याला मोईखाली मोठ्यानं वाचून दाखवायचा हिशोब.

नोंदी

वही सोडू नका. पहिला नवरंग कधी ओरडला (जूनच्या आसपास पावसाबरोबर येतो, आवाज ऐकू येतो, दिसायला नशीब लागतं), चातक कधी आला, कळलावी कधी फुलली, हिवाळ्यात थरथरा आणि गप्पीदास कधी दिसले, पळसाला पहिलं फूल कुठल्या तारखेला. फोटो आयनॅचरलिस्टवर, पक्षी ईबर्डवर टाका (दोन्ही निसर्गाच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइट आहेत), मुलं हे पटकन शिकतात आणि आजी-आजोबांना शिकवतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार महापालिकांनाही जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, आपल्या नोंदी तिथे पोचवा.

या नोंदी पुढे उपयोगी पडतात. झाडं तोडायची नोटीस झाडावर लागते, पेपरात येते, हरकत द्यायला मुदत फार कमी असते, तेव्हा ज्याच्याकडे चार वर्षांच्या तारखा आहेत त्याची हरकत नुसत्या "झाडे वाचवा" पेक्षा वजनदार असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानतात, तुमच्या भागातली अशी झाडं आत्ताच फोटो-घेरासकट लिहून ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली, आमच्यातली बरीच गेली होती, तिथं चालताना माझ्या लक्षात आलं की आजूबाजूचे लोक एकमेकांना टेकडीवरच्या वेळेनं ओळखत होते, "तुम्ही सहाचे ना, मी साडेसहाची".

या रविवारी

शेजारच्या एका माणसाला विचारा, एकालाच. दोन पोती, हातमोजे, थर्मास घ्या आणि सातला वर जा, कचरा उचला, साडेआठला खाली या, आणि उतरताना पुढच्या रविवारचं तिथंच ठरवा.

गेल्या महिन्यात आमच्या सी विंगमधल्या वहिनींची बदली नागपूरला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा त्या दोन निळे कॅन हातात घेऊन उभ्या होत्या, ते त्यांनी ट्रकमध्ये ठेवले नाहीत. त्यांच्या फ्लॅटमध्ये जे नवीन जोडपं राहायला आलं त्यांच्या दाराशी ठेवले आणि वर चिठ्ठी चिकटवली, गुरुवार, रोप नंबर २३ ते २८, सकाळी साडेसहा, शेजारच्या ४०३ मधल्या ताई बरोबर असतील.

पहिल्या गुरुवारी ते दोघं पावणेसातला आले, एकेक कॅन घेऊन.